हक्कसोडपत्र आणि पापक्षमा

*आदरणीय ताई, प्रभूच्या नावात सलाम.*

*माझं वय अठ्ठावन्न. राहुरी तालुक्यात शेती करतो. वडील २००४ साली वारले, आई त्यांच्या आधीच गेली होती. आम्ही दोघंच भावंडं, मी आणि धाकटी बहीण. वडिलांच्या नावावर तीन एकर बागायत आणि एक विहीर होती. वर्षभराने मी बहिणीला बोलावून घेतलं. 'वारसनोंदीला तुझी सही लागते' असं सांगून निबंधक कार्यालयात नेलं आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली. साहेबांनी तिला विचारलं, 'काय लिहिलंय ते समजलंय का?' ती माझ्याकडे बघून 'हो' म्हणाली. परत येताना मी तिला साडी-चोळी घेतली आणि एसटीत बसवून दिलं.*

*२०१४ साली त्यातला एक एकर विकून घर बांधलं, मुलाचं इंजिनिअरिंग केलं. बहिणीचे यजमान सहा वर्षांपूर्वी गेले. ती गावच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवते. तिने आजवर जमिनीचा एक शब्द काढलेला नाही.*

*मागच्या वर्षी संजीवन सभेत माझं अंतःकरण फुटलं. मी पाण्याचा बाप्तिस्मा घेतला. आमच्या पास्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, 'देवाने तुझी पापं समुद्राच्या तळाशी टाकली आहेत, तू आता तिथे गळ टाकून बसू नकोस. जमीन परत करून तारण मिळवायला गेलास तर कृपेचा अपमान होईल.' बायको म्हणते, येत्या डिसेंबरात मुलाचं लग्न आहे, आता उकरू नका. पण मला रात्री दोननंतर झोप नाही. मला क्षमा मिळाली आहे की नाही? मिळाली असेल तर हे ओझं कशाचं? देव जे विसरला ते बहिणीला सांगितलंच पाहिजे का?*

*आपला एक भाऊ*

भाऊ, सलाम.

तुमच्या पत्रात सभा आहे, बाप्तिस्मा आहे, वचनं आहेत. मला मात्र निबंधक कार्यालयातला तो एक क्षण पुन्हा पुन्हा दिसतो. साहेब विचारतात आणि ती कागदाकडे न बघता तुमच्याकडे बघते. वीस वर्षं झाली तरी तिचं ते बघणं तुम्ही विसरला नाहीत. झोप येत नाही ती त्यामुळेच, आणि माझ्या मते हे चांगलं लक्षण आहे.

पहिला प्रश्न क्षमेचा. हो, देवाने तुम्हाला क्षमा केली आहे असं मी मनापासून मानते. तुम्ही पाप झाकलं नाहीत, त्याला चूक, नाइलाज, परिस्थिती अशी नावं दिली नाहीत. काय सांगून सही घेतली ते स्वतःच्या हाताने लिहिलंत. अशा माणसाला देव उंबऱ्यावर ताटकळत ठेवत नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातला बाप, घर सोडून गेलेला मुलगा परतताना दूर असतानाच त्याला बघतो आणि धावत सुटतो. मुलाने पाठ केलेलं माफीचं बोलणं पुरतं ऐकूनही घेत नाही. म्हणून जमीन परत केलीत तरच देव तुमच्याकडे बघेल, असं मी कधीच म्हणणार नाही. क्रुसावरचं काम पुरं झालेलं आहे, त्यात तुमच्या दीड एकराची भर पडायची नाही. इथवर तुमचे पास्टर आणि मी एकाच बाकावर बसलो आहोत.

पुढे मात्र आमचं जमत नाही.

समुद्राच्या तळाचं वचन बायबलातल्या मीखा संदेष्ट्याच्या पुस्तकातलं आहे, सातव्या अध्यायातलं. फार सुंदर वचन आहे ते, मी स्वतः कितीतरी रात्री त्याच्या आधाराने काढल्या आहेत. पण भाऊ, त्याच मीखाचा दुसरा अध्याय आज रात्री उघडा. पहिली दोनच वचनं वाचा. अंथरुणात पडल्या पडल्या दुष्ट बेत करणाऱ्यांचा, शेतांचा लोभ धरून ती बळकावणाऱ्यांचा, माणसाला त्याच्या घराला आणि वतनाला मुकवणाऱ्यांचा धिक्कार तिथे आहे. जो संदेष्टा पाप समुद्रात टाकणारा देव दाखवतो, तोच आधी शेत लुबाडणाऱ्याला नाव घेतल्यासारखा हटकतो. पहिलं पान फाडून शेवटचं पान छातीशी धरता येत नाही. देवाने तुमचं पाप समुद्रात टाकलं, जमीन नाही टाकली. जमीन राहुरी तालुक्यातच आहे. तिच्यात ऊस उभा राहतो, कांदा निघतो आणि त्याचे पैसे तुमच्या खात्यावर येतात.

'देव विसरला' असं आपण म्हणतो, पण त्याचा अर्थ नीट लावायला हवा. देव आपलं पाप पुन्हा आठवणार नाही म्हणजे ते काढून आपल्या तोंडावर मारणार नाही. ज्याचं आपण बुडवलं त्या माणसाची आठवण त्याला राहिली नाही, असा अर्थ त्यातून निघत नाही. तुमचं पाप विसरलेला देव रोज सकाळी तुमच्या बहिणीला चुलीपुढे बसलेली बघतो.

आता कृपा आणि कर्म. तुमच्या पास्टरांना वाटतं की परतफेड म्हणजे कर्माने तारण मिळवण्याची खटपट. ही भीती कुठून येते ते मला कळतं. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नव्हे, हे प्रेषित पौलाचं शिकवणं आपण लहानपणापासून संडे स्कूलमध्ये पाठ केलं. इफिसकरांस पत्र, अध्याय दुसरा, वचनं आठ आणि नऊ. गंमत अशी की आपण नवव्या वचनावर थांबतो आणि दहावं बहुतेकांना येत नाही. दहाव्यात पौल म्हणतो की आपण सत्कृत्यांसाठीच ख्रिस्तात निर्माण केलेले आहोत. आणि पुढे चौथ्या अध्यायात चोरी करणाऱ्याला तो काय सांगतो? पुन्हा चोरी करू नकोस, स्वतःच्या हातांनी कष्ट कर, म्हणजे गरजवंताला द्यायला तुझ्याजवळ काही असेल. पूर्वी घेणारे हात आता देणारे व्हावेत, एवढी साधी गोष्ट.

पण मला तुम्हाला पौलाचं एक छोटं पत्र दाखवायचं आहे. ते मंडळीत फारसं वाचलं जात नाही. फिलेमोनाला लिहिलेलं, अवघ्या पंचवीस वचनांचं. अनेसिम नावाचा गुलाम धन्यापासून दूर गेला, पौलाजवळ आला, विश्वासात आला. त्याने धन्याचं काही नुकसान केलं असावं किंवा देणं ठेवलं असावं. पौल त्याला माघारी पाठवतो आणि सोबत चिठ्ठी देतो. कृपेवर ज्याने सगळ्यात जास्त लिहिलं तो माणूस तिथे असं लिहीत नाही की, 'फिलेमोना, अनेसिमाची पापं धुतली गेली आहेत, तेव्हा तुझ्या वहीतलं खोडून टाक.' तो म्हणतो, त्याने तुझं काही बुडवलं असेल, काही देणं लागत असेल, तर ते माझ्या नावावर मांड. आणि पुढे चक्क लिहून देतो की मी पौल हे स्वतःच्या हाताने लिहितो आहे, मी फेडीन. आपल्याकडे हातउसने घेताना देतात तशी चिठ्ठीच आहे ती. पौलाला कृपा कळली नव्हती असं कोण म्हणेल? कृपा कळली होती म्हणूनच फिलेमोनाचं देणं त्याने डोळ्यांआड केलं नाही.

आपल्या मराठीत 'तारण' हा शब्द मोठा विचार करायला लावणारा आहे. मंडळीत आपण आत्म्याचं तारण म्हणतो आणि सोसायटीत कर्ज काढायला गेलो की साहेब विचारतो, तारण काय देणार? ख्रिस्ताने आपल्या जागी स्वतःला दिलं ही आपली श्रद्धा. ज्याने आपला जीव खंडणी म्हणून दिला, त्याच्या नावाखाली बहिणीचा दीड एकर तारण म्हणून अडकवून ठेवायचा, हे मला सहन होत नाही. रागाने लिहीत नाही, भाऊ. हे लिहिताना मला वाईट वाटतं आहे.

आणि दर रविवारी आपण प्रभूची प्रार्थना म्हणतो, त्यात 'ऋण' हाच शब्द आहे. तू आमची ऋणं आम्हांस सोड. तुमच्या घरच्या कागदावरही 'सोड' हाच शब्द आहे, हक्कसोड. बहिणीला न कळता तिच्याकडून सोडवून घेतलेलं कपाटात ठेवून तुम्ही देवाला म्हणता की माझं सोड. रात्री दोन वाजता तुम्हाला टोचतं ते मला वाटतं हेच आहे.

तुम्ही जक्कयाची गोष्ट जाणताच. उंबराच्या झाडावर चढलेला बुटका जकातदार. माझं म्हणणं एवढंच की त्या गोष्टीतला क्रम बघा. येशू आधी त्याला नावाने हाक मारतो, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे म्हणतो. तोवर जक्कयाने एक दमडी परत केलेली नाही. म्हणजे कृपा आधी आली, आगाऊ आली. ती घरात शिरल्यावर जक्कय उभा राहून म्हणतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं अन्यायाने घेतलं त्याचं चौपट परत करतो. त्यावर येशू म्हणतो, आज या घराला तारण झालं आहे. तो असं म्हणत नाही की जक्कया, चौपट कशाला, तू माझ्या कृपेचा अपमान करतोस. तुमच्या घरीही तो येऊन बसलाच आहे. तुम्ही अजून उभे राहिलेला नाहीत, एवढंच बाकी आहे.

कोणी म्हणेल, येशूशेजारी क्रुसावर टांगलेल्या चोराने कुठे काय परत केलं? त्याला तर त्याच दिवशी सुखलोक मिळाला. खरं आहे. त्याचे हात क्रुसावर होते आणि घटका भरत आली होती. तुमचे हात मोकळे आहेत, भाऊ. दावीद राजालाही नाथान संदेष्टा म्हणाला की परमेश्वराने तुझं पाप दूर केलं आहे, पण ज्याला त्याने मारवलं त्या उरीयाला दावीद त्याचा जीव परत देऊ शकत नव्हता. काही पापं अशी असतात की माणूस आयुष्यभर रडला तरी परत द्यायला हाती काही उरत नाही. मला येणाऱ्या पत्रांत निम्मी तशी असतात. काही तर अशा बायकांची असतात की ज्यांनी काहीच केलेलं नसतं. पोटातलं बाळ गेलं, नवरा अपघातात गेला, आणि त्या माझंच पाप म्हणून कुढत बसतात. त्यांना मी सांगते, बाई, हे ओझं तुझं नाही, खाली ठेव. तुम्हाला मी तसं सांगू शकत नाही. तुमचं ओझं खरं आहे, त्याला गट नंबर आहे. आणि तुमचं नशीब म्हणजे बहीण जिवंत आहे, जमीन जागेवर आहे.

इथे मला माझी एक गोष्ट सांगावीशी वाटते. आमच्या यजमानांच्या शेवटच्या आजारपणात मी दागिने मोडून पैसे उभे केले आणि शहरातल्या हॉस्पिटलात भरण्यासाठी एका जवळच्या नातलगाच्या हाती दिले. त्यातले निम्मे त्याने स्वतःच्या धंद्यात घातले. आमचे यजमान गेले. पैसे होते तर ते वाचले असते असं मी म्हणत नाही, डॉक्टरांनी आधीच हात टेकले होते. पण मागून कळलं तेव्हा मी गप्प बसले. पुढे काही वर्षांनी एका सभेत तोच माणूस साक्ष द्यायला उभा राहिला. मी किती पापी होतो, जवळच्यांनासुद्धा मी फसवलं, आणि प्रभूने मला कसं धुऊन काढलं, असं रडत रडत सांगत होता. लोक हालेलुया म्हणत होते. मी तिसऱ्या बाकावर बसले होते. साक्ष झाली, गीत झालं, चहाच्या वेळी तो माझ्याजवळ आला, 'सलाम वहिनी' म्हणाला आणि बिस्किटांची बशी माझ्यापुढे धरली.

त्या दिवशी मला त्याच्यापेक्षा देवाचा जास्त राग आला. माझ्या वाट्याची क्षमा त्याने मला न विचारता कशी देऊन टाकली, असं वाटलं. पुढे बराच काळ प्रार्थना करताना माझी जीभ जड व्हायची. हळूहळू उमगलं की देवाने माझ्या वतीने काही दिलेलंच नव्हतं. त्याने स्वतःचं दिलं होतं. माझं माझ्याकडेच होतं, आणि ते मागायला तो माणूस कधी आलाच नाही. मी त्याला क्षमा केली आहे. पण ती एकटीने केली, त्याच्या मदतीशिवाय, आणि एकटीने क्षमा करणं फार जड जातं. तुमची बहीण वीस वर्षं गप्प आहे म्हणजे तिला काही कळलं नाही, असं समजू नका. सातबारा कोणालाही काढता येतो. शाळेत काम करणाऱ्या बाईला आता ऑनलाइन उतारा काढून देणारी पोरं पुष्कळ भेटतात. ती कदाचित सगळं जाणून तुमच्याकडे येते, जेवते, तुमच्या नातवंडांचे मुके घेईन म्हणते. तसं असेल तर ती एकटीच ते ओझं ओढते आहे.

मंडळीत पाप कबूल करणं आणि ज्याचं केलं त्याच्याकडे जाणं यांत आपण प्रॉटेस्टंट मंडळी फार गल्लत करतो. पुरोहिताजवळ कबुली देण्याची पद्धत आपल्यात राहिली नाही. गोव्यातले कॅथॉलिक ज्याला कुमसार म्हणतात, त्यात चोरीचं पाप सांगितलं की फादर विचारतो, परत केलंस का? आपण ती पद्धत सोडली, त्याची कारणं होती. १५१७ साली मार्टिन लूथर उभा राहिला तोच मुळी पैसे घेऊन क्षमापत्रं विकण्याविरुद्ध. पण त्याच्या पंच्याण्णव मुद्द्यांतला अगदी पहिला मुद्दा काय होता? प्रभू 'पश्चात्ताप करा' म्हणतो तेव्हा विश्वासणाऱ्याचं अवघं आयुष्यच पश्चात्तापाचं व्हावं अशी त्याची इच्छा आहे. एका सभेचं, एका संध्याकाळचं नव्हे. पैसे देऊन घेतलेलं क्षमापत्र लूथरने नाकारलं. अश्रू देऊन घेतलेलं आपण जपून ठेवावं, असं त्याला वाटलं नसतं. पंडिता रमाबाईंचं उदाहरण माझ्या नेहमी मनात येतं. १८८३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, हे त्यांना उमगायला पुढे आठ वर्षं गेली. एवढ्या विदुषीला आठ वर्षं लागली. तुम्हाला बाप्तिस्म्यानंतर वर्षभर अस्वस्थ वाटतं म्हणजे तुमचा बाप्तिस्मा खोटा होता असं नाही. तो अजून चालू आहे असं समजा.

आता कायद्याचं थोडं, कारण 'मुलगी परक्या घरची' हे वाक्य आपल्या समाजातही चालतं आणि साडी-चोळी करून बहिणीचा हक्क सोडवून घ्यायची रीत आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून जशीच्या तशी उचलली. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना हिंदू वारसा कायदा लागू नाही. भारतीय वारसा कायदा, १९२५, लागू आहे. मृत्युपत्र नसेल आणि मागे मुलंच असतील, तर मुलगा आणि मुलगी यांना अगदी सारखा वाटा, असं त्यात पहिल्यापासून आहे. म्हणजे तुमचे वडील गेले त्या दिवशीच दीड एकर आणि अर्धी विहीर तिची झाली होती. तुम्ही देणार ते दान नव्हे, तिचंच तिला मिळणार. कायद्याच्याही आधीचं हवं असेल तर बायबलातल्या गणना या पुस्तकाचा अध्याय सत्तावीस वाचा. सलाफहादच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून बापाचा वाटा मागतात, आणि परमेश्वर म्हणतो, या मुलींचं म्हणणं बरोबर आहे.

हिशोब कठीण आहे, मी तो गोड करून सांगणार नाही. तीन एकरातला एक तुम्ही विकलात. तो तुमच्या वाट्यातला धरायला हवा, कारण त्याचे पैसे तुमच्या घराच्या भिंतींत आणि तुमच्या मुलाच्या शिक्षणात गेले. उरलेल्या दोन एकरांतला दीड तिचा. तुमच्याकडे अर्धा राहील. शिवाय वीस वर्षांचं पीक. गणना अध्याय पाचमध्ये मूळ पूर्ण भरून द्यावं आणि वर पाचवा हिस्सा घालावा असं आहे, जक्कय चौपट म्हणाला. मी तुम्हाला आकडा सांगणार नाही. तो तुम्ही दोघांनी बसून ठरवायचा, आणि शेवटचा शब्द तिचा. ती म्हणेल जमीन नको, दर हंगामाला पैसे दे. ती म्हणेल, दादा, तुला खायला ठेव, मला एकच एकर दे. हे तिने म्हणावं. तिच्या वतीने तिचा मोठेपणा तुम्ही आधीच गृहीत धरू नका, एकदा तिच्या वतीने तुम्ही निर्णय घेतलेलाच आहे.

आधी एखाद्या वकिलाला भेटा. फसवून घेतलेल्या दस्ताचा प्रश्न आहे, तेव्हा परत देताना कोणता दस्त करावा, मुद्रांक किती, हे नीट विचारून घ्या आणि खर्च तुमचा तुम्ही सोसा. मात्र वकिलाच्या तारखांमागे लपू नका. फेरफार होऊन सातबाऱ्यावर तिचं नाव दिसेपर्यंत काम झालं असं म्हणू नका.

बायकोला आणि मुलाला बहिणीच्या आधी सांगा. मुलाला अजून माहीत नसेल तर त्याला तुमच्याकडूनच कळू द्या. त्याचं शिक्षण आत्याला फसवून घेतलेल्या जमिनीवर झालं हे ऐकून तो हादरेल. हादरू द्या. तुमच्या पत्नींबद्दल मला राग नाही. दीड एकर जाणार या विचाराने कोणत्याही शेतकरणीच्या पोटात गोळा येईल, आणि लग्न तोंडावर आहे. त्यांचा धाक खरा आहे, त्यांना वेळ द्या, त्यांच्याशी भांडू नका. पण लग्नानंतर बघू, असं त्या म्हणाल्या तर ऐकू नका. त्याचं कारण सांगते. हळदीला तुमच्या बहिणीला मावळण, म्हणजे नवऱ्या मुलाची आत्या, म्हणून मान असेल. ती पुढे येईल, तुमच्या मुलाला ओवाळेल, तुम्ही तिच्या हातात साडी ठेवाल. एक साडी तुम्ही तिला आधीच दिलेली आहे. दुसरी देताना तुमचे हात कसे चालतील?

तिच्याकडे एकटे जा. पास्टरांना, मोठ्या काकांना, कोणालाच सोबत नेऊ नका. चार जणांसमोर विचारलं की आपल्याकडची बाई 'जाऊ द्या' म्हणते, तिला दुसरं काही म्हणताच येत नाही. आत जाऊन बसा, पाणी प्या, आणि पत्रात मला लिहिलंत तसंच्या तसं बोला. कागद काय होता, तुम्ही काय सांगितलंत, ती तुमच्याकडे बघून हो म्हणाली ते तुम्हाला आठवतं, हेसुद्धा. सैतानाने बुद्धी फिरवली म्हणू नका. वचनं सांगू नका. संजीवन सभेतला अनुभव त्या दिवशी तरी सांगू नका, माझी तिसऱ्या बाकावरची गोष्ट लक्षात ठेवा. काय परत करायचं ठरवलंत ते सांगा. आणि त्याच दमात 'मला क्षमा कर' म्हणू नका. ते वाक्य तोंडातून निघालं की तिच्यावर उत्तराची सक्ती होते. क्षमा नंतर मागा, ती मागण्याजोगी वेळ तुम्हाला कळेल.

ती रडेल, ओरडेल, किंवा गप्प उठून भाजी चिरायला लागेल. 'इतकी वर्षं कुठे होतास?' असं विचारेल. तुमच्याकडे याला उत्तर नाही, तेव्हा उत्तर देऊ नका. आणि तिने क्षमा केली नाही तर? ख्रिस्ती असून क्षमा करत नाही, असं तिला कोणी म्हणायला लागलं तर त्याला तुम्ही थांबवा. सत्तर वेळा सात क्षमा कर, हे उत्तर येशूने त्याच्या शिष्याला, पेत्राला, दिलं, आणि पेत्र विचारत होता की माझ्याविरुद्ध पाप करणाऱ्या भावाला मी किती वेळा क्षमा करू. ज्याचं नुकसान झालं त्याने विचारलेला प्रश्न होता तो. नुकसान करणाऱ्याने ते वचन घेऊन दारात उभं राहायचं नसतं. तिच्या क्षमेला पाच वर्षं लागोत, दहा लागोत, देवाची क्षमा तुमच्यापाशी तेवढा काळ राहील. ती राहील म्हणूनच तुम्हाला थांबता येईल.

तुमचे पास्टर नाराज होतील कदाचित. त्यांना फिलेमोनाचं पत्र वाचायला सांगा, वादासाठी नको, सोबत बसून वाचा. ते तरुण असतील तर अशी माणसं त्यांना पुढेही भेटणार आहेत.

रविवारी जाऊ नका, तिला मंडळीत जायचं असेल. शनिवारी शाळा सकाळची असते, दुपारी ती मोकळी असेल. जाताना सातबारा आणि त्या हक्कसोडपत्राची प्रत न्या, साडी नको. येत्या शनिवारी नाही जमलं तर त्याच्या पुढच्या शनिवारी जा, पण कोणत्या ते आजच बायकोला सांगून ठेवा. ती काय म्हणाली ते मला कळवलं नाहीत तरी चालेल. गेलात एवढं मात्र कळवा, तोवर तुमच्या दोघांचं नाव रोज संध्याकाळी माझ्या प्रार्थनेत आहे.

तुमची,
ताई